पडद्यावरील अंधेरनगरी

पुण्याहून नाशिकच्या वाटेनें निघालें म्हणजे सुमारें वीस मैलांवर चाकण लागतें. इतिहासाच्या वाचकांना हें गांव संग्रामदुर्गामुळें ठाऊक आहे. इ. स. १६६० मध्यें शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळा यानें हा लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच तो शत्रूच्या हातीं पडला. पुढें तीन शतकें चाकणचें नांव कांदे-बटाट्यांच्या बाजारापलीकडे फारसें कोणाच्या कानीं येत नसे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं मात्र या परिसरांतील माळरानावर मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि पाळी बदलण्याच्या वेळीं तेथें एक दृश्य रोज दिसूं लागलें. फाटकांतून थकलेल्या माणसांची एक रांग बाहेर पडते, आणि त्याच वेळीं ताज्या दमाची दुसरी रांग आंत शिरते. चित्रपटांच्या अभ्यासकाला हें दृश्य पाहून १९२७ सालच्या एका जर्मन मूकपटाची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे. साम्य अर्थात् तेवढ्यापुरतेंच. चाकणचा कामगार काम संपल्यावर उजेडांत येतो, त्या मूकपटांतला मजूर येत नाहीं.

‘मेट्रोपोलिस’ हें त्या मूकपटाचें नांव. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग. कथा त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. भविष्यकाळांतील एक महानगर त्यांत दाखविलें आहे. गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावर धनिकांचीं मुलें बागांतून बागडत आहेत, आणि भूमीच्या पोटांत मजूर यंत्रांना जुंपलेले आहेत. आरंभींच दोन पाळ्यांचे मजूर समोरासमोर येतात; माना खालीं, वेष एकसारखा, पाऊलहि एकसारखें. पुढें एका प्रवेशांत तर यंत्राचा दरवाजा एखाद्या दैत्याच्या जबड्यासारखा उघडतो, आणि नरबळी मागणाऱ्या दैवताप्रमाणें माणसांना गिळूं लागतो. शंभर वर्षें होत आलीं, तरी बिघडलेल्या भविष्यकाळाचें चित्र काढणारा कोणीहि या मूकपटाची उसनवारी केल्यावांचून राहिलेला नाहीं.

अशा चित्रपटांची पुढें एक स्वतंत्र जातच निर्माण झाली. मराठींत त्यांना ‘अंधेरनगरीचे चित्रपट’ म्हणावयास हरकत नाहीं. सुखी राज्य म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर रामराज्य उभें राहतें. त्याच्या उलट टोकाला, जेथें न्यायाला डोळे नाहींत आणि राजाला अक्कल नाहीं, ती अंधेरनगरी. ही कल्पना पश्चिमेकडून आली असें समजण्याचें कारण नाहीं. भागवताच्या बाराव्या स्कंधांत कलियुगाचें जें भाकित केलें आहे, त्यांत द्रव्य हेंच कुळाचें व गुणांचें माप ठरतें, राजेच लुटारू होतात, आणि प्रजा घरदार टाकून डोंगरांत व रानांत पळून जाते. कीर्तनकारांनीं हें वर्णन पिढ्यान् पिढ्या रंगवून सांगितलें. फरक इतकाच, कीं पुराणांतील अंधेरनगरी काळाच्या फेऱ्यानें येते आणि अवतारानें जाते. पडद्यावरची अंधेरनगरी माणसांनीं उभारलेली असते, आणि ती कोणीं व कशी घालवावी हा प्रश्न चित्रपटकर्त्याला शेवटच्या रिळांत टाळतां येत नाहीं. तिचें राजकारण असतें तें या शेवटांत. अंधार सगळ्यांनाच सारखा काढतां येतो. त्यांतून बाहेर पडण्याची वाट कोणती दाखविली, यावरून तो चित्रपट कोणाच्या उपयोगी पडणार हें ठरतें.

‘मेट्रोपोलिस’चा शेवट या दृष्टीनें मोठा बोलका आहे. मजूर बंड करतात, यंत्रें मोडतात, आणि त्यांच्याच वस्तींत पाणी शिरतें. अखेर प्रार्थनामंदिराच्या दारांत मालकाचा मुलगा आपल्या बापाचा हात मुकादमाच्या हातांत देतो. डोकें व हात यांच्यामध्यें हृदयानें मध्यस्थी केली पाहिजे, असा या कथेचा बोध आहे. मालक मालकच राहतो; मजूर दुसऱ्या दिवशीं पुन्हां भुयारांत उतरणार कीं नाहीं, हें मात्र कोणी सांगत नाहीं. एच. जी. वेल्स यानें या मूकपटावर झोड उठविली, आणि पुढें लँगलाहि स्वतःचा हा शेवट आवडेनासा झाला. तो काढणारी ‘उफा’ कंपनी अफाट खर्चानें डबघाईस आली होती. १९२७ सालींच ती आल्फ्रेड हुगेनबर्ग या कडव्या राष्ट्रवादी वृत्तपत्रधन्याच्या ताब्यांत गेली; आणि हाच गृहस्थ १९३३ च्या जानेवारींत हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळांत मंत्री होऊन बसला.

या मूकपटाच्या लेखिकेशीं मराठी माणसाचें एक अनपेक्षित नातें आहे. बेळगांवजवळच्या बेळगुंदीचे अयी गणपत तेंडुलकर हे गांधीजींच्या प्रभावाखालीं वाढलेले तरुण शिक्षणासाठीं युरोपांत गेले व बर्लिनमध्यें पत्रकार म्हणून स्थिरावले. तेथें त्यांची व हार्बूबाईंची गांठ पडली. १९३३ सालीं लँगशीं काडीमोड झाला, आणि पुढें बाईंनीं वयानें बऱ्याच लहान असलेल्या तेंडुलकरांशीं गुपचूप लग्न केलें. वंशशुद्धीचे नगारे वाजत असलेल्या त्या राज्यांत एका प्रसिद्ध जर्मन स्त्रीनें हिंदी माणसाशीं उघडपणें विवाह करणें शक्यच नव्हतें. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर स्वदेशीं परतले, बेळगांवांत त्यांनीं वृत्तपत्र चालविलें, आणि युद्धकाळांत इंग्रज सरकारनें त्यांना तुरुंगांत टाकलें. सुटकेनंतर १९४५ सालीं सेवाग्राम येथें गांधीजींच्या उपस्थितींत इंदुमती गुणाजी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. इकडे हार्बूबाई जर्मनींतच राहिल्या, त्या राजवटींतील चित्रपटांसाठीं लिहीत राहिल्या, आणि नाझी पक्षाच्या सभासदहि झाल्या. तेथील हिंदी लोकांना मदत करतां यावी म्हणून आपण सभासद झालों, असें त्यांनीं पुढें सांगितलें. युद्ध संपल्यावर त्यांनाहि कांहीं काळ इंग्रजांच्याच छावणींत अटकेंत राहावें लागलें. जगांतील सर्वांत गाजलेली अंधेरनगरी जिच्या लेखणींतून उतरली, ती लेखिका खऱ्या अंधेरनगरींत बारा वर्षें राहिली, आणि तिला ती ओळखूं आली नाहीं. किंवा ओळखूं येऊनहि तिनें तिच्याशीं जमवून घेतलें.

राज्यकर्त्यांची नजर मात्र अशा बाबतींत फार तीक्ष्ण असते. लँग व हार्बू या दोघांनीं मिळून केलेल्या ‘डॉक्टर माबूझेचें मृत्युपत्र’ या बोलपटांत वेड्यांच्या इस्पितळांतील एक गुन्हेगार जगाला दहशतीनें वेठीस धरण्याची योजना कागदावर उतरवीत असतो, आणि त्याच्या मृत्यूनंतरहि ती योजना माणसांना झपाटून सोडते. मार्च १९३३ मध्यें, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिने होतात न होतात तोंच, या बोलपटावर बंदी आली. लँग देश सोडून गेला. त्या वेड्याच्या तोंडीं आपण नाझींचींच घोषवाक्यें घातलीं होतीं, असें त्यानें दहा वर्षांनीं, अमेरिकेंत तो बोलपट दाखवितांना, जाहीर केलें. बोलपट करतांना त्याच्या मनांत खरोखरच तसें होतें कीं नाहीं यावर अभ्यासकांचा वाद आहे. परंतु बंदी घालणाऱ्यांना त्यांत आपला चेहरा दिसला होता, यांत वाद नाहीं.

महाराष्ट्रांत हा अनुभव रंगभूमीला आधींच येऊन चुकला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. विराटाची नगरी, तेथें माजलेला कीचक, अपमानित सैरंध्री, धीर धरा म्हणून सांगणारा धर्मराज आणि संतापानें फुरफुरणारा भीम. एवढ्यावरून प्रेक्षकांनीं लॉर्ड कर्झन, भारतमाता, मवाळ व जहाल यांची जुळणी मनांतल्या मनांत करून घेतली. नाटकांत सरकारचें नांवहि नव्हतें. तरी १९१० सालीं सरकारनें तें बंद केलें, आणि त्या बंदीनें कीचक कोण याबद्दल उरलासुरला संशयहि फेडला!

चित्रपटांच्या बाबतींत सरकार पुढेंच तयार होऊन बसलें. १९१८ सालीं चित्रपटांचा कायदा झाला, आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें परीक्षक मंडळें काम पाहूं लागलीं. १९२१ सालीं मुंबईच्या कोहिनूर कंपनीनें ‘भक्त विदुर’ हा मूकपट काढला. त्यांत द्वारकादास संपत यांचा विदुर खादी व गांधी टोपी घालून अवतरला, आणि मद्रास व सिंध या भागांत त्या मूकपटाला मज्जाव झाला. १९३० सालीं प्रभात कंपनीनें ‘स्वराज्य तोरण’ काढला. शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः व्ही. शांताराम यांनीं केली होती. ज्या दिवसांत तोरणा घेतला गेला, त्याच दिवसांत चाकणचा कोटहि फिरंगोजीसह महाराजांच्या पदरीं आला. त्या उषःकालाची ही कथा. परंतु परीक्षकांना ‘स्वराज्य’ हा शब्दच खपला नाहीं, आणि मूकपटाचें नांव ‘उदयकाल’ असें करावें लागलें.

पश्चिमेकडील चित्रपटकर्ते अंधेरनगरी भविष्यकाळांत वसवीत होते. आपल्याकडील चित्रपटकर्त्यांनीं ती भूतकाळांत वसविली, याचें कारण या हकीकतींत आहे. पुराणाचा शेला पांघरला म्हणजे परीक्षकाच्या हातून सुटण्याची थोडी तरी आशा असे; आणि कीर्तनें व नाटकें यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला शेल्याखालचें माणूस ओळखण्याचें शिक्षण द्यावें लागत नसे.

या रीतीचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे प्रभातचा ‘अमृतमंथन’. १९३३ सालीं कंपनीनें कोल्हापूर सोडून पुण्यास मुक्काम हलविला, आणि तेथील नव्या चित्रपटगृहांत तयार झालेला हा पहिला बोलपट १९३४ मध्यें मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत बाहेर पडला. मूळ कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीची. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा पशुबळी व नरबळी बंद करतो. राजगुरूच्या सत्तेचा पायाच त्या बळींवर उभा. म्हणून तो राजाचा खून करवितो, दुसऱ्याच्या माथीं त्याचा आळ घालतो, आणि तरुण राणीच्या आडून देवीच्या नांवानें राज्य चालवूं पाहतो. मराठी बोलपटांत केशवराव दाते व हिंदींत चंद्रमोहन यांनीं हा राजगुरू उभा केला. आदल्याच वर्षीं शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठीं जर्मनीस जाऊन आले होते. तेथील चित्रपटांतल्या छायाप्रकाशाच्या खेळाची खूण ‘अमृतमंथन’च्या तळघरांत, मशालींत व मूर्तीच्या अवाढव्य आकारांत स्पष्ट दिसते. दूरच्या वस्तु जवळ आणणाऱ्या भिंगानें घेतलेला राजगुरूचा एकच डोळा पडदाभर पसरतो, तें दृश्य तर पाहणारा जन्मभर विसरत नसे. सगळीकडे पाळत ठेवणारी सत्ता दाखविण्यास पुढच्या काळांत चित्रपटकर्त्यांना नाना यंत्रें लागलीं. प्रभातला एक डोळा पुरला.

आणि शेवट? लोक उठतात, राजगुरूचा कट उघडा पडतो, आणि तो स्वतःच्या हातानें स्वतःचें मस्तक देवीला अर्पण करतो. हा शेवट ‘मेट्रोपोलिस’च्या शेवटापेक्षां पुष्कळ प्रामाणिक आहे. जुलमी माणसाला येथें कोणी गोड बोलून वळवीत नाहीं. आणि तो ढोंगी नव्हता, श्रद्धेनेंच आंधळा झाला होता, हेंहि लपवीत नाहीं. इंग्रज सरकारला यांत आक्षेपार्ह कांहीं वाटलें नाहीं. धर्मसत्तेवरचा प्रहार आपल्याला लागत नाहीं, असा त्याचा हिशेब असावा. ज्या प्रेक्षकानें राजगुरूच्या जागीं आणखी कोणाला पाहिलें असेल, त्याचें मन तपासण्याचा कायदा अद्याप झाला नव्हता.

त्याच वर्षीं मुंबईंत याच्या नेमकें उलट घडलें. मोहन भवनानी यांच्या ‘मजदूर’ या बोलपटाची कथा प्रेमचंदांनीं लिहिली होती. त्यांत पुराण नव्हतें, कीं भविष्यकाळ नव्हता. होती ती चालू घडीची गिरणी, उधळ्या मालक, मजुरांची कड घेणारी त्याची बहीण, आणि संप. त्याचाहि शेवट समेटाचाच होता. परंतु १९३४ च्या उन्हाळ्यांत मुंबईच्या कापडगिरण्यांत खराखुरा सार्वत्रिक संप झालेला होता, आणि मुंबईच्या परीक्षक मंडळानें बोलपटावर बंदी घातली. शेवट कितीहि गोड असला, तरी दाराबाहेर तीच गोष्ट चालू असेल तर तो सत्ताधाऱ्यांना पुरेसा गोड लागत नाहीं.

शेवट बदलून घेण्याची कला पुढें परराष्ट्रनीतीचें एक साधन झाली. जॉर्ज ऑर्वेल याच्या ‘ॲनिमल फार्म’ या कादंबरीवर १९५४ सालीं इंग्लंडांत व्यंगचित्रपट निघाला. त्यामागें अमेरिकन हेरखात्याचा पैसा होता, ही गोष्ट बऱ्याच वर्षांनीं उघडकीस आली. कादंबरीच्या अखेरीस डुकरें व माणसें एका टेबलाशीं बसतात, आणि खिडकींतून पाहणाऱ्या बाकीच्या प्राण्यांना त्यांच्यांत भेद करतां येत नाहीं; म्हणजे जुना मालक व नवा मालक या दोघांनाहि ऑर्वेल एकाच तागडींत घालतो. चित्रपटांत माणसें गाळण्यांत आलीं, आणि प्राणी डुकरांविरुद्ध दुसरें बंड करून उठतात असें दाखविण्यांत आलें. रशियाच्या बाजूच्या देशांतील प्रजेनें काय करावें, याची ती सूचना होती. दुसऱ्या मालकाविषयीं बोलण्याची तेथें सोय ठेवली नव्हती.

चाकण येथें २००९ सालीं ज्या जर्मन कंपनीचा कारखाना सुरू झाला, तिच्या ‘फोक्सवागन’ या नांवाचा अर्थच मुळीं ‘लोकांची गाडी’ असा आहे. या नांवाचा इतिहास अंधेरनगरीच्या चित्रपटांत शोभण्यासारखा आहे. १९३८ सालीं हिटलरनें या गाडीच्या कारखान्याचा पाया घातला. सामान्य जर्मन माणसानें आठवड्याला पांच मार्कांचीं तिकिटें विकत घेऊन वहींत चिकटवावीं, आणि वही भरली म्हणजे गाडी घ्यावी, अशी ती योजना होती. तीन लाखांहून अधिक लोकांनीं तिकिटें चिकटविलीं. युद्ध सुरू झालें; कारखान्यांत वेठीस धरलेल्या मजुरांच्या हातून लष्करी सामान निघूं लागलें; आणि वह्या भरणाऱ्यांपैकीं एकालाहि त्या योजनेंत गाडी मिळाली नाहीं. आजची कंपनी त्या राजवटीच्या नाशानंतर नव्यानें उभी राहिली, हें खरें. परंतु ‘लोकांची गाडी’ हें राज्यकर्त्याच्या हातांतलें आश्वासन कसें असतें, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा हिंदुस्थानांत घडला. १९७१ सालीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे पुत्र संजय गांधी यांच्या ‘मारुती’ कंपनीला लोकांसाठीं छोटी मोटार बनविण्याचा परवाना मिळाला. वर्षें लोटलीं, पण मोटार कांहीं रस्त्यावर आली नाहीं. राजस्थानांतून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेंत गेलेले अमृत नाहटा यांनीं ‘किस्सा कुर्सी का’ हा बोलपट काढला, त्यांत या छोट्या मोटारीची, दरबारी स्वामींची आणि खुर्चीभोंवतीं घोटाळणाऱ्या मंडळींची टवाळी होती. गंगाराम नांवाचा एक क्षुद्र माणूस राष्ट्राध्यक्ष होतो. आणि जनता नांवाची एक मुकी, असहाय स्त्री त्याच्या कारभाराचे भोग भोगते. शबाना आझमी यांनीं ही भूमिका केली. अंधेरनगरीच्या चित्रपटांत प्रजेला वाचा नसते, हें सगळेच दाखवितात. येथें तें अक्षरशः दाखविलें होतें.

एप्रिल १९७५ मध्यें बोलपट परीक्षकांकडे गेला. त्यावर एक्कावन आक्षेप निघाले. हे आक्षेप म्हणजे त्या बोलपटाचें उत्तम भाष्यच होय; कोणतें पात्र कोणावर बेतलें आहे, हें निर्मात्यापेक्षां आक्षेप घेणाऱ्यांनींच अधिक तपशीलानें दाखवून दिलें. नाहटा उत्तर देतात न देतात तोंच, २५ जूनच्या रात्रीं आणीबाणी पुकारली गेली होती. सरकारनें मुंबईहून बोलपटाच्या मूळ फिती व सर्व प्रती ताब्यांत घेतल्या. नाहटा सर्वोच्च न्यायालयांत गेले, आणि न्यायमूर्तींनीं नोव्हेंबर महिन्यांत बोलपट स्वतः पाहण्याचें ठरविलें. तो दिवस उगवला तेव्हां दाखविण्यासाठीं बोलपटच शिल्लक नव्हता. दिल्लीजवळ गुडगांव येथें, मारुतीच्या कारखान्याच्या आवारांत, तो जाळून टाकण्यांत आला होता. लोकांच्या मोटारीची थट्टा करणारा बोलपट मोटारीच्याच कारखान्यांत जळावा, असा प्रवेश कोणा लेखकानें लिहिला असता तर समीक्षकांनीं त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

१९७७ सालीं राज्य पालटलें. शाह आयोगानें या प्रकरणाची चौकशी केली. फेब्रुवारी १९७९ मध्यें दिल्लीच्या न्यायालयानें संजय गांधी व माजी नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना कारावासाची शिक्षा सुनावली, आणि १९८० मध्यें, पुन्हां राज्य पालटल्यावर, सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. दरम्यान नाहटांनीं तोच बोलपट नव्यानें काढला. १९७८ सालीं तो प्रदर्शित झाला, आणि फारसा चालला नाहीं. याचें नवल वाटावयास नको. प्रेक्षकांनीं त्याहून भयंकर प्रकार वर्तमानपत्रांत वाचले होते, कित्येकांनीं ते अंगावर सोसले होते. आणि खुर्चीवरचा गंगाराम आतां पदच्युत असल्यामुळें त्याला हंसण्यांत धोका उरला नव्हता.

हा धोका जेथें असतो तेथें साधी खूणहि भारी पडते. थायलंडांत मे १९१४ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०१४ सालच्या मे महिन्यांत, लष्करानें सत्ता बळकावली, तेव्हां निदर्शक तीन बोटें उंच करून उभे राहूं लागले. ही खूण ‘हंगर गेम्स’ या अमेरिकन चित्रमालेंतील प्रजेची. लष्करानें ती करणाऱ्यांना पकडण्यास सुरुवात केली, आणि नोव्हेंबरांत त्या मालेचा नवा भाग बँकॉकच्या कांहीं चित्रपटगृहांनीं दाखविलाच नाहीं. मुळांत तो करमणुकीचा व भरपूर नफ्याचा चित्रपट. त्याला राजकीय अर्थ दिला तो पडद्याबाहेरच्या लोकांनीं व त्यांच्या शिपायांनीं.

‘मेट्रोपोलिस’चें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. पहिल्या प्रदर्शनानंतर कांहीं महिन्यांतच मालकांनीं त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा कापून टाकला होता, आणि तो भाग कायमचा गेला असें सगळे धरून चालले होते. २००८ सालीं अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेस शहरांतील एका चित्रपटसंग्रहालयांत त्याची जवळजवळ पूर्ण लांबीची, ओरखड्यांनीं भरलेली एक प्रत सांपडली, आणि २०१० मध्यें बर्लिनच्या प्रेक्षकांनीं ती जोडून तयार केलेला मूकपट पाहिला. गुडगांवच्या आगींत गेलेल्या ‘किस्सा कुर्सी का’चें असें झालें नाहीं. तेथें मूळ फितीपासून सर्व प्रतींपर्यंत सगळें एकत्र गोळा करूनच काडी लावण्यांत आली होती. आज पाहावयास मिळतो तो १९७८ सालचा, दुसऱ्यांदा केलेला बोलपट.